चारशे बारा

रात्री नऊ एक्केचाळीसला उशाखाली फोन थरथरला. खात्यात ४१२ रुपये जमा. बाजूला ठेवतेय तोच पुन्हा थरथरला, पुन्हा ४१२. पहिल्यासोबत पाटलिणीनं लिहिलं होतं, ‘कॉफीचे’. दुसऱ्यासोबत मॅडमनं काहीच लिहिलं नव्हतं. ती बोलतेही मोजकंच. मी दादर पूर्वेला पीजीतल्या माझ्या खाटेवर आडवी झाले होते. चालून चालून पायांची आग होत होती. वरच्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडलेला, त्यामुळं तो एक तर पाचवर फिरायचा नाहीतर बंद. शेजारच्या खाटेवरची मुलगी फोनवर कुणाशी तरी गुजरातीत भांडत होती. मेसेज वाचून आधी राग आला. मी यांना बोलावलं, मी फिरवलं, बिल मी भरलं, आणि गाडी कर्जतला पोचायच्या आत यांनी भागाकार करून पैसे परतसुद्धा केले? मी काय हॉटेल काढलंय? आणि त्याच दमात वाटलं, बरं झालं. खात्यात ६१३ रुपये उरले होते, महिना संपायला तीन दिवस होते. आता बुधवारपर्यंत घरी फोन न करता निभणार होतं. राग आणि हायसं वाटणं, दोन्ही मांडीला मांडी लावून बसली होती आणि त्यांचं आपसात काही भांडणही नव्हतं. मग मी तिसऱ्या मेसेजची वाट बघायला लागले.

हे शेवटचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अकरावीपासूनची आमची चौकडी. पाटलीण म्हणजे खरीच पाटलीण, घरी द्राक्षबाग, हातात कायम नवा फोन. मॅडम आठवीपासून शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची म्हणून मॅडम. बारकी नावाप्रमाणे, वर्गाच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले, त्या तिघी आपापल्या कॉलेजांत, तरी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका टपरीवर आठवड्यातून एकदा तरी भेट व्हायची. टपरीवाल्या मामांकडं आमचं खातं होतं. ते मामांच्या डोक्यात असायचं आणि आमच्यापैकी कुणाकडं पैसे आले की ती मागचं सगळं मिटवून टाकायची. कुणाच्या वाट्याला किती कप आले हे कधी निघालं नाही. निघालं असतं तर बारकीच्या नावावर कमी पैसे आणि जास्त चहा निघाला असता. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

२०२३ च्या मे महिन्यात मला मुंबईत सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. स्टायपेंड महिना दहा हजार, पीजीच्या खाटेचे साडेनऊ. उरलेल्या पाचशेत माणूस काय काय करू शकतो यावर मला एक वेगळा लेख लिहिता येईल. काम असं, की कुठल्यातरी बेचाळीस मजली टॉवरच्या नकाशात दिवे, पंखे, एसी, गिझर, प्लग पॉइंट मोजायचे आणि एका फ्लॅटला किती वीज लागेल ते काढायचं. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वस्तूचे वॉट जोडून भलामोठा आकडा काढला आणि सरांसमोर ठेवला. ते हसले. म्हणाले, अगं, सगळे लोक सगळ्या वस्तू एकाच वेळी लावतात का? त्या बेरजेला कमी करणारा एक आकडा असतो. पुस्तकाप्रमाणं त्याला डिमांड फॅक्टर म्हणायला हवं, पण ऑफिसात सगळे डायव्हर्सिटीच म्हणत. एकाचा गिझर चालू असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो, त्या भरवशावर अख्ख्या इमारतीची केबल बारीक धरता येते. मला ती कल्पना फार आवडली. मामांच्या टपरीवरचं आमचं खातं याच भरवशावर चाललं होतं, असं वाटलं. सगळ्यांचा खिसा एकाच दिवशी रिकामा होत नाही.

बारकी आणि मॅडमची नोकरीच्या ऑनलाइन परीक्षेची सेंटर पवईला पडली. रविवार, सकाळची बॅच. पाटलीण नुसतीच मुंबई बघायला निघाली. शनिवारी रात्री सांगलीतून महालक्ष्मीनं निघायचं, सकाळी मुंबईत, परीक्षा द्यायची आणि त्याच रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. मधली एक संध्याकाळ माझी. त्या एका संध्याकाळीसाठी मी आठवडाभर तयारी करत होते. कुठली लोकल, कुठून चालत, कुठं बसायचं. मला मुंबईत येऊन अवघे तीन आठवडे झाले होते आणि त्यातले पहिले दोन मी दादर ते लोअर परळ आणि परत यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. पण सांगलीहून कुणी आलं की आपण लगेच मुंबईकर होतो. शनिवारी मी एकटीनं चर्चगेटला जाऊन रंगीत तालीमसुद्धा करून आले. नाटकाच्या गावची मी, तालमीशिवाय प्रयोग लावणार कशी!

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता, हे माझ्या तालमीत नव्हतं. कांजूरमार्गवरून फोनवर फोन. पाच वाजत आले तेव्हा तिघी दादरच्या पुलावर उगवल्या, घामानं चिप्प, पाठीला सॅक आणि पाटलिणीच्या हातात माझ्या आईनं दिलेली पिशवी. पिशवीत भडंगाचा पुडा, आणि प्लॅस्टिकच्या बरणीत किलोभर कांदा-लसूण चटणी. पीजीत गॅस नाही हे मी आईला तीनदा सांगितलं होतं. बरणीचं झाकण कुठंतरी किंचित सैल झालेलं असावं, कारण पुलावरच्या त्या घामाच्या, फुलांच्या, भज्यांच्या वासातून आमच्या स्वयंपाकघराचा वास एकदम वर आला आणि मला बोलता येईना. बारकी म्हणाली, “ए, रडायलीस काय? पेपर आमचा अवघड गेलाय.” आणि मग चौघी पुलाच्या मधोमध उभ्या राहून हसत होतो आणि दादरचे लोक आम्हाला दोन्ही बाजूंनी ढकलत पुढं जात होते.

चर्चगेट स्लो. रविवार असल्यामुळं दारात उभं राहायला जागा मिळाली. प्रभादेवी गेलं की मी तयारीत. “ते बघा, ती काचेची, तिच्या मागची, तिथं माझं ऑफिस.” तोवर गाडी पुढं सरकली आणि तिघींनी तीन वेगवेगळ्या इमारतींकडं बघून ‘हां हां’ केलं. मी म्हटलं, पूर्वी इथं सगळ्या गिरण्या होत्या. बारकीनं विचारलं, “पिठाच्या?” तिच्या बाबांची सांगलीवाडीत पिठाची गिरणी आहे. ती गंमत करत होती, पण तेवढ्यात मला आबा आठवले.

आबा म्हणजे माझे आजोबा. शिराळा तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातून मुंबईला आले, त्या सुमारास आमचा जिल्हा ‘दक्षिण सातारा’चा नुकताच ‘सांगली’ झाला होता, म्हणजे १९६० नंतर लगेच. आधी बदली कामगार, मग साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम. राहायला लालबागकडं गावची खोली. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, एक पाळी कामावर असे तेव्हा दुसरी झोपलेली. भिंतीला फळी, फळीवर ओळीनं पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकाची सगळी मालमत्ता त्यात. जेवण खाणावळवालीकडं. पाळ्यांवर चालणारी ती खोली म्हणजे माझ्या सरांची डायव्हर्सिटीच की, असं नंतर एकदा ऑफिसात काम करताना मनात आलं. सगळे एकाच वेळी झोपायला आले असते तर भिंती फुटल्या असत्या. मी ज्या आवारात रोज शिरत होते ती आबांची गिरणी नव्हती. मी ऑफिसात एकदोघांना ती होती असं सांगून मोकळी झाले होते, ते खोटं आहे. आबांची गिरणी तिथून बरीच पुढं होती आणि तिच्या जागी आता काय आहे ते मी बघायलाही गेले नाही. पण जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलं की आवारातली उंच चिमणी दिसायची, तिच्या पायाशी आता एक हॉटेल, आणि मला ही आबांचीच असती तर किती बरं झालं असतं असं रोज वाटायचं.

गावाकडून कुणीही मुंबईला आलं की ते आबांच्या खोलीवर उतरायचं. कुणी केईएमला दाखवायला, कुणी टाटाला, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, कुणी नुसतंच. आबा खाडा करायचे, म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. पाहुण्याला घेऊन राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय. १९६४ साली ट्राम बंद झाली, तोवर ट्राम; नंतर दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट. ही यादी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण आबांनी मुंबईबद्दल दुसरं फारसं काही सांगितलंच नाही. गिरणीत साचे कसे आदळायचे, कानाला दडे कसे बसायचे, यातलं काही नाही. फक्त कुणाकुणाला काय काय दाखवलं ते. लहानपणी मला वाटायचं आबांची नोकरीच लोकांना मुंबई दाखवण्याची होती.

चर्चगेटला उतरून मी त्यांना एका कॅफेत नेलं. नाव सांगत नाही. कॅफेचा दोष नाही, दोष माझा. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळे तिथं गेले होते, तेव्हा मीही होते, आणि बिल तिसऱ्याच कुणीतरी भरलं होतं. तेवढ्या ओळखीवर मी दार ढकलून आत गेले, नेहमीची असल्यासारखी. आत गार हवा, खुर्च्या नको तेवढ्या खोल, बसलं की गुडघे हनुवटीला. भाजलेल्या कॉफीचा कडवट वास. वेटरशी मी हिंदीत बोलले, आवाजही जरा वेगळा लावून. पाटलीण माझ्याकडं बघत राहिली. वेटर गेल्यावर म्हणाली, “कुणासारखं बोलायलीस गं?” मी मेनूकार्डात तोंड घातलं.

बारकी मेनूकार्ड उजव्या बाजूनं वाचत होती. आधी आकडा, मग तो कशाचा आहे ते. मला दिसत होतं. मी ते बघितलं आणि काही केलं नाही, हे लिहून ठेवते. आपण वडापाव खाऊ, बाहेर गाडीवर चांगला मिळतो, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता! पण मी तालीम करून आले होते. पाटलिणीनं कोल्ड कॉफी आणि पास्ता मागवला, मॅडमनं सँडविच, मी कोल्ड कॉफी आणि कसलातरी केक. बारकी म्हणाली, पेपरच्या टेन्शननं पोट बिघडलंय, मला पाणीच बरं. मग मॅडमनं अर्धं सँडविच तिच्या बशीत सरकवलं आणि बारकीनं ते चार घासांत संपवलं. पोट बिघडलेली माणसं अशी खात नाहीत.

बिल आलं १,६४८. सर्व्हिस चार्ज धरून. पाटलिणीनं फोन काढला तशी मी जवळजवळ ओरडलेच, “खबरदार! माझ्या गावात आलायसा.” माझ्या गावात. तीन आठवडे. फोनवर पिन टाकताना बोट जरा अडखळलं, पण हिरवी टिकटिक आली आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते मी नाकारणार नाही, छान वाटलं. छाती एक इंच रुंद झाली. आबांना दर वेळी हेच वाटत असेल का?

बाहेर पडलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसायला जागा शोधत बरंच पुढं गेलो. मे संपत आलेला, हवेत पाऊस नव्हता पण पावसाआधीची चिकट ऊब होती, वारा तोंडाला मीठ लावून जात होता. खाली काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर लाटा फुटत होत्या. कुणी काही बोलेना. समुद्र समोर असला की सांगलीची माणसं जरा वेळ गप्प होतात, मी बघितलंय. आम्हाला पलीकडचा काठ दिसायची सवय असते. मग बारकीनं पाय हलवत विचारलं, “इथं आता किती फूट असेल?”

आम्ही तिघी खिंकाळलो. बाहेरच्याला यात हसण्यासारखं काय ते कळणार नाही. ऑगस्ट उजाडला की सांगलीत दोन माणसं भेटल्यावर आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतात, मग बाकीचं. कृष्णेवरच्या १९२९ सालच्या त्या पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. बारकीनं समुद्राकडं बघत पुढं विचारलं, “आणि याची धोक्याची पातळी?” मी ऑफिसात ऐकलेलं सांगितलं, की पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती कधी कधी आहे त्याची यादी इथं आधीच निघते. “आधीच?” ती म्हणाली. “मजाय की. आमचं पाणी कोयनेला विचारून, अलमट्टीला विचारून मग ठरवतं यायचं का नाही.”

२०१९ साली ते ठरवूनच आलं होतं. आम्ही बारावीत होतो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, सांगलीवाडी पाण्यात, बारकीच्या घरात वरच्या मजल्यावर गुडघाभर. ती, तिची आई आणि धाकटा भाऊ अकरा दिवस आमच्याकडं होते, बाबा नातेवाइकांकडं. गिरणीची मोटर पाण्याखाली गेली, जाती चिखलानं भरली. पाणी उतरल्यावर मी बारकीबरोबर तिकडं गेले होते. भिंतीवर पाण्याची रेघ, तिच्यावर चिकटलेलं ओलं पीठ, आणि तो वास. तो कशासारखा म्हणून सांगता येत नाही. तिचे बाबा मोटर उघडून बसले होते. रिवाइंडिंगवाल्यांकडं तेव्हा इतकी रांग होती की महिनाभरानं नंबर लागला. मला इलेक्ट्रिकलच घ्यायचं असं त्याच दिवशी वाटलं, हे मी कॉलेजच्या मुलाखतीत सांगितलं होतं आणि तिथल्या सरांना ते फार आवडलं होतं. बारकीला मात्र कधी सांगितलं नाही.

सूर्य शेवटी शेवटी घाईनं गेला. दिवे लागत गेले, वाकलेल्या ओळीनं, आणि पाटलिणीनं राणीच्या हाराचे शंभरएक फोटो काढले. सगळ्यांत तेच दिवे, आमचे चेहरे काळे.

घड्याळ बघितलं तर सात पंचवीस. मग आम्ही पळत सुटलो. ओव्हल मैदानाच्या कडेनं, राजाबाई टॉवरकडं मान वळवत, हुतात्मा चौक, तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून. फोर्टात रविवारी संध्याकाळी शुकशुकाट असतो. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं झोपायची तयारी करत होती, कमानींतून आमच्या चपलांचा आवाज घुमत होता. पाठीवर सॅक आपटत होत्या, बारकी सगळ्यांत पुढं. सीएसएमटीची इमारत उजळून समोर आली तेव्हा मॅडम म्हणाली, “एक मिनिट थांबा की, नीट बघू दे.” १८८८ सालची ती इमारत नीट बघायला आमच्याकडं बरोबर एक मिनिट होतं, आणि ते आम्ही दिलं. मी दर शनिवारी-रविवारी बघेन म्हणत होते. सहा आठवड्यांत पुन्हा तिकडं फिरकलेही नाही.

महालक्ष्मी लागलेली होती. डब्याच्या दारात पोचल्या पोचल्या सांगलीचं सगळं बोलणं कानावर आलं. ‘सरका की जरा’, ‘पिशवी वर टाका’, कुणीतरी मिरजेच्या पाहुण्याला फोनवर सकाळी स्टेशनवर यायला बजावत होतं. ती गाडी म्हणजे मुंबईत उभी असलेली सांगलीची एक गल्लीच. दोन बर्थ पक्के, एक आरएसी. मला चढून आत बसावंसं वाटलं. बारकीनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला, गाडी हलेपर्यंत धरून ठेवला. तिचा हात गार होता, पाण्याची बाटली धरल्यामुळं. काही बोलली नाही. गाडी गेल्यावर मी इतर लोकांबरोबर उलट्या दिशेनं चालायला लागले, आणि चटणीची बरणी माझ्या हातात होती.

तर नऊ एक्केचाळीस. दोन मेसेज. तिसरा नाही.

आधी मी म्हटलं, कर्जतनंतर घाटात रेंज नसते. फोनवर गाडी कुठं पोचली ते दाखवणारं ॲप होतं, ते उघडलं. लोणावळा आलं. लोणावळ्याला रेंज असते. मग म्हटलं झोपली असेल. मग म्हटलं पाटलिणीनं तिला हिशेब सांगितलाच नसेल. पुणे आलं तेव्हा बारा वाजायला आले होते, शेजारचं भांडण संपून घोरणं सुरू झालं होतं, आणि मी अंधारात एका निळ्या ठिपक्याकडं बघत बसले होते. ज्या बाईनं अर्धं सँडविच खाल्लं तिच्या ४१२ रुपयांसाठी. मला पैसे नको होते. आले असते तर मला रडू आलं असतं, मी उलट पाठवले असते, शपथ घेऊन सांगते. पण दोघींनी पाठवले म्हणून राग आलेली मी, आणि तिसरीनं पाठवले नाहीत हे लक्षात ठेवणारी मी, एकाच खाटेवर होते. पहाटे कधीतरी, गाडी साताऱ्याच्या पुढं असताना, डोक्यात आलं: अकरा दिवस आमच्याकडं राहिली होती. उठून बसले. पाणी प्यायले. हे वाक्य माझ्यात कुणी लिहून ठेवलं होतं? आईनं तर कधी उच्चारही केला नाही त्या दिवसांचा.

माझ्या मनात नंतर बरेच दिवस हा दोष फोनवर ढकलायचं चाललं होतं. रोख पैसे होते तेव्हा ‘सुट्टे नाहीत’ म्हणायची फार मोठी सोय होती. चारशे बाराचे चारशे व्हायचे, चारशेचं ‘पुढच्या वेळी तू दे’ व्हायचं, आणि पुढची वेळ येईपर्यंत कोण कुणाचं देणं लागतं ते धूसर व्हायचं. त्या धुसरपणात मैत्री बरी राहते. आता दोन रुपयेसुद्धा जागेवर जाऊन पडतात, वर तारीख आणि वेळ. कॉन्ट्री काढायची, टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, करायचं, आणि मोकळं व्हायचं. पाटलिणीचं काही चुकलं नव्हतं. तिला माझा स्टायपेंड माहीत होता, तिनं बिचारीनं मला अडचण नको म्हणून पाठवले होते. एवढंच की तिच्या भागाकारात चारही जणी सारख्या होत्या. माझ्या टॉवरच्या नकाशात मी पहिल्या आठवड्यात केलेली चूक तीच, सरळ बेरीज, वजावट नाही. ही तुलना सुचल्यावर मी जरा खूशही झाले, आणि आबांच्या काळी माणसं कशी हातचं राखून न ठेवता करायची, वगैरे मनाशी बोलून टाकलं.

जुलैत सांगलीला परतल्यावर हे आजीला सांगितलं. सगळं नाही, दोघींनी पैसे पाठवले तेवढंच. म्हटलं, आबांनी घेतले असते का गं असे? आजी शेंगा फोडत होती. ती आधी हसली. म्हणाली, “तुझा आजा मोठ्या मनाचा, त्यात खोट न्हाई. पर मोठ्या मनाला पाठांतर बी लई हुतं.” मग तिनं मला ती यादी सांगितली, जी मला लहानपणापासून पाठ होती, पण तिच्या आवाजात ती वेगळीच वाजली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आबा काही महिने खोलीवर काढून गावी आले ते परत गेलेच नाहीत; पुढं साखर कारखान्यावर वॉचमन. मधली दोन वर्षं घरात काही नव्हतं. तेव्हा आबा रात्री ओसरीवर बसून ती यादी म्हणायचे. कुंभाराच्या थोरल्याला राणीची बाग दाखवली, दोन दिवस खाडा झाला, त्यानं पायलीभर जोंधळा आणून टाकला नाही. भावकीतल्या अमक्याची बायको टाटाला महिनाभर होती, डबा मी पोचवला, तो रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. नावं, ठिकाणं, खाडे. आकडे नव्हते, पण हिशेब पक्का होता. मी ज्याला इतकी वर्षं मुंबईचं वर्णन समजत होते ती उधारीची वही होती.

“आणि खाणावळवालीचं सत्तर रुपयं ऱ्हायलं हुतं त्याच्याकडं,” आजी म्हणाली. “संपात तिनं तीन म्हैनं फुकट घातलं. मरस्तंवर म्हणत हुता, द्यायचं ऱ्हायलं, द्यायचं ऱ्हायलं.” दिले का शेवटी, मी विचारलं. आजीनं टरफलं सुपात गोळा केली. “मला बी ठावं न्हाई.”

आता याला दोन वर्षं होऊन गेली. बारकी एका पतसंस्थेत क्लार्क आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यात आकडे भरते. पाटलिणीचं लग्न झालं, मॅडम पुण्यात. ती संध्याकाळ आम्हा चौघींच्या बोलण्यात नेहमी येते, पण त्यात फक्त ‘इथं किती फूट’ आणि डी. एन. रोडवरची पळापळ असते. कॅफे येत नाही. बारकीनं ते पैसे कधी पाठवले नाहीत, मी कधी विषय काढला नाही, आणि तिला मुळात ते माहीत होते की नाही याचा मला आजही अंदाज नाही. कधी वाटतं तिला पक्कं आठवतंय आणि ती माझ्यासारखीच गप्प आहे.

परवा ती आणि मी दोघीच कृष्णेच्या घाटावर गेलो होतो. पाणी खाली होतं, पायऱ्या शेवाळून वाळलेल्या, पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे पार खालपर्यंत उघडे पडलेले. एक म्हातारा माणूस बारक्या होडीतून पलीकडं निघाला होता. आम्ही चहा घेतला, दोन कप, दहा-दहा रुपये. बारकीनं पर्समध्ये हात घातला. मी म्हटलं, “राहू दे गं, मी देते,” आणि ती काही म्हणायच्या आत फोन क्यूआर कोडच्या कागदासमोर धरला. टपरीवरच्या खोक्यानं अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात वीस रुपये मिळाल्याचं जाहीर केलं. बारकी हसली, कप टेकवून म्हणाली, “दानशूर.” मीही हसले. आणि आत कुणीतरी, अगदी हळू, म्हटलं, चारशे बावीस.